डोंबिवलीत राहून, चालू नोकरी सोडून एमबीए करावं का? त्या पदवीला खरंच किंमत आहे की नुसता रुबाब? आणि ऑनलाइन एमबीए चालेल का?

थोडक्यात तुमची स्थिती अशी दिसते: बी.कॉम. झालंय, वय २६, ऐरोलीत एका खासगी बँकेच्या ऑपरेशन्समध्ये चार-पाच वर्षं काढलीत, हातात महिना ४२ हजार येतात. नवी मुंबईतलं एक कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून पूर्णवेळ एमबीएला जागा देतंय, दोन वर्षांचे १४ लाख. घरचे म्हणतायत, ‘घेऊन टाक, पुढे एमबीएशिवाय कुत्रं विचारणार नाही.’ ऑफिसातला मित्र म्हणतोय, ‘आता गल्लोगल्ली एमबीए झालेत.’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, तिथेच तुमची पंचाईत झालीय.

माझं मत आधीच सांगून टाकते: या कॉलेजात, या फीत, नोकरी सोडून करू नका. एमबीएच करू नका असं मात्र म्हणणार नाही.

मी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या एका कंपनीत सेल्सला आहे. सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन मुंबईतूनच एमएमएस, म्हणजे मुंबई विद्यापीठाचं एमबीए, केलं आणि आता कंपनीतर्फे कॅम्पसवर मुलंमुली निवडायला जाते. पुढचं बरंचसं तिथे बसून बघितलेलं आहे.

मान पदवीला नसतो, संस्थेला असतो. अहमदाबाद आणि कोलकात्याची आयआयएम १९६१ साली सुरू झाली. २०१७ चा आयआयएम कायदा येईपर्यंत या संस्थांना पदवी देण्याचा अधिकारच नव्हता, त्या पदविका द्यायच्या. पन्नासेक वर्षं लोक पदविका घेऊन बाहेर पडले आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या वरच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. कोणी त्यांना ‘तुमची पदवी कुठेय’ म्हणून अडवलं नाही. जमशेदपूरची एक्सएलआरआय काय, आपली अंधेरीची एस. पी. जैन काय, वर्षानुवर्षं पीजीडीएम, म्हणजे पदविकाच, देत आल्या. उलट तुम्हाला जागा देणाऱ्या कॉलेजच्या कागदावर ठळक अक्षरांत एमबीए असेल, विद्यापीठाचा शिक्काही असेल, आणि तरीही आमच्याकडे तो बायोडाटा उघडला जाईलच असं नाही.

म्हणजे काय होतं ते सांगते. मॅनेजमेंट ट्रेनी घ्यायचे असतात तेव्हा कोणकोणत्या कॅम्पसवर जायचं याची यादी आधीच ठरलेली असते, आणि ती वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही. त्या यादीतल्या मुलांना आम्ही शोधत जातो. बाकीचे अर्ज पोर्टलवरून येतात, एचआर ते एक्सेलमध्ये ओढते, आणि संस्थेचा कॉलम सॉर्ट झाला की शीटचा खालचा बराच भाग कोणी बघतही नाही. याला न्याय म्हणता येणार नाही. पण कारण उघड आहे. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, दरवर्षी तीन लाखांच्या आसपास मुलं नाव नोंदवतात, आणि वरच्या संस्थांमध्ये त्यातली काही हजारच पोचतात. एवढी निवड कोणीतरी आधीच करून ठेवली असेल तर कंपनीला ती फुकटात मिळते. माझ्या अनुभवात कंपन्या त्या दोन वर्षांच्या शिक्षणाइतकेच, किंबहुना जास्तच, पैसे त्या प्रवेश परीक्षेचे मोजतात. मॅनेजमेंट कोट्यात नेमका हाच भाग गाळलेला असतो. परीक्षेतली चुरसच नाही, मग कंपनीने कशावर विश्वास ठेवायचा?

मुंबईत राहणाऱ्याचं नशीब असं की यादीतल्या बऱ्याच जागा लोकलच्या अंतरावर आहेत. चर्चगेटची जमनालाल बजाज १९६५ साली स्टॅनफर्डच्या मदतीने मुंबई विद्यापीठात सुरू झाली. सीईटीतून जाता येतं, फी खासगी संस्थांच्या मानाने बरीच कमी, आणि म्हणूनच खुल्या गटातून तिथे शिरायला ९९.९ च्या आसपास पर्सेंटाइल लागतो. पवईला आयआयटीचं शैलेश मेहता स्कूल आहे, आणि तिथेच १९६३ पासूनची नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था, जी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. गंमत बघा, कॅम्पस तोच, तलावही तोच, फक्त पाटी बदलली आणि माझ्या ओळखीतल्या ज्या काकांनी नीटीचं नावही ऐकलं नव्हतं ते आता पुतण्याला तिथलाच फॉर्म भरायला सांगतायत. उद्योगात मात्र नीटीचा माणूस सप्लाय चेनसाठी आधीपासूनच डोळे मिटून घेतला जायचा. एचआरमध्ये जायचं असेल तर देवनारची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था). याशिवाय सिडनहॅम, सोमय्या, वेलिंगकर, एनएमआयएमएस आहेत. यांची फी आणि दर्जा एका माळेत ओवण्यासारखा नाही, प्रत्येकाचा वेगळा विचार करा.

आता तुमचे पैसे. फी १४ लाख दिसते, पण दोन वर्षं पगार बुडणार तो कोणी धरत नाही. ४२ हजार गुणिले २४, म्हणजे दहा लाख. एकूण २४ लाख झाले. समजा बाहेर पडल्यावर दहा लाखांचं पॅकेज मिळालं (त्या कॉलेजच्या बाबतीत हेही उदार होऊन म्हणतेय), हातात ६८ हजार आले, तर आजच्यापेक्षा २६ हजार जास्त. २४ लाख भरून यायला साडेसात वर्षांहून जास्त लागतील. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही आणि नोकरीतच राहिला असतात तर जी पगारवाढ झाली असती तीही नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं करसवलत आहे, पण जुनी करप्रणाली घेतली तरच. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. एजंट सवलतीचं सांगतो, प्रणालीचं सांगत नाही.

याउलट अहमदाबादला फी पंचवीस लाखांच्या आसपास आहे आणि तिथे जागा मिळाली असती तर मी तुम्हाला आजच राजीनामा द्या म्हटलं असतं. २५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३३ हजारांच्या घरात बसतो, आणि तिथून निघालेल्या मुलाच्या पगारात तो सहज सामावतो.

त्या कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘सरासरी पॅकेज’ असं लिहिलेलं असेल. सरासरीवर जाऊ नका, मीडियन विचारा. पाच मुलांना ८, ९, ९, १० आणि ३४ लाख मिळाले तर सरासरी १४ येते, पण मधल्या मुलाला मिळाले ९. आणि बहुधा तो ३४ वाला आधीचा इंजिनीअर असतो, सात वर्षांच्या अनुभवाचा, जो कॉलेजमुळे नाही तर कॉलेज असूनही तिथे पोचला. बॅचमधले किती जण प्लेसमेंटला बसले, हाही आकडा मागा. कित्येकदा ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ ही कॉलेजने ज्यांना बसू दिलं त्यांची असते. ‘मॅनेजमेंट’ या नावाखाली विमा विकायची आणि बँकेची करंट अकाउंटं उघडायची कामं किती, तेही बघा. कामात कमीपणा नाही, मी स्वतः विकूनच पोट भरते. पण ते काम तुम्हाला १४ लाख न भरता आजही मिळेल.

मग दोन वर्षांत शिकवतात ते सगळं फुकट जातं का? तर तसं नाही, आणि तुमच्या मित्राशी माझं इथेच पटत नाही.

आमच्याकडे आलेली एक ट्रेनी मुलगी भिवंडीच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे बसली होती. शेठ म्हणत होते, ‘मॅडम, कंपनीचा धंदा परवडत नाय.’ आमचा तिथला सेल्स ऑफिसर जुना, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, दरवर्षीचं रडगाणं आहे, एक स्कीम टाकू, गप्प होतील. पोरीने मात्र शेठच्या मुलाकडून खातेवही मागून घेतली आणि गोदामातल्या खोक्यावर बसून हिशोब मांडला. आकडे सोपे करून सांगते. महिन्याची विक्री २५ लाख, मार्जिन ५ टक्के, म्हणजे सव्वा लाख. टेम्पो, दोन पोरं, गोदामाचं भाडं असा खर्च ८५ हजार. उरले ४० हजार, वर्षाचे ४ लाख ८० हजार. माल १० लाखांचा पडून, बाजारात उधारी १० लाख, एकूण गुंतवणूक २० लाख, परतावा २४ टक्के. धंदा ठीक. पण गेल्या वर्षात दुकानदारांची उधारी १२ दिवसांवरून २४ वर गेली होती. म्हणजे बाजारात अडकलेले १० चे २० लाख झाले, गुंतवणूक ३० लाख, आणि नफा तेवढाच. परतावा १६ टक्क्यांवर आला. शेठना दुखत होतं ते हे, त्यांना ते असं मांडता येत नव्हतं इतकंच. स्कीम टाकली असती तर दुकानांत आणखी माल गेला असता आणि उधारी आणखी वाढली असती. आम्ही स्कीम न देता तुंबलेले क्लेम, म्हणजे शेठचे कंपनीकडून येणारे पैसे, आधी सोडवले आणि दोन बीटवर (विक्रीच्या ठरलेल्या फेऱ्यांवर) उधारीची मुदत आवळली.

आमच्या सेल्स ऑफिसरला त्या बाजारातलं प्रत्येक दुकान तोंडपाठ आहे. त्या मुलीला भिवंडीत रिक्षा कुठे मिळते हेही ठाऊक नव्हतं. पण नफा आणि परतावा वेगळा असतो, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. एमबीएची खरी किंमत मी यालाच म्हणेन. तुमच्या बाबतीत यातला निम्मा भाग बी.कॉम.ला शिकून झालाय. वापरायची सवय तेवढी लावायची आहे, आणि त्यासाठी नोकरी सोडावीच लागते असं नाही.

म्हणून तुमच्यासाठी मला दोन वाटा दिसतात. एक, यंदा सीईटी आणि कॅट दोन्ही द्या. सीईटीला २०० प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे वेगाचा खेळ आहे आणि वेग सरावाने येतो. वरच्या चार-पाच संस्थांत नंबर लागला तर जा, त्याखाली लागला तर सोडून द्या. आरक्षणातून फॉर्म भरणार असाल तर जातवैधता आणि नॉन क्रीमी लेयरच्या मागे आतापासून लागा. पर्सेंटाइल हातात असून कागदासाठी जागा गेलेली मुलं दर वर्षी भेटतात.

दुसरी वाट संध्याकाळच्या वर्गांची. मुंबई विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या अर्धवेळ पदव्यांची इथे जुनी परंपरा आहे: मार्केटिंगला एमएमएम, फायनान्सला एमएफएम, एचआरला एमएचआरडीएम. यांना अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. कॅम्पस प्लेसमेंट मिळेल ही आशा धरू नका, ती बहुतेक ठिकाणी पूर्णवेळवाल्यांनाच असते. तुम्हाला गरज आहे ती बँकेतल्याच आयजेपीची, म्हणजे आतल्या आत दुसऱ्या जागेवर जाण्याची. क्रेडिट किंवा प्रॉडक्टच्या जागा निघतात तेव्हा पात्रतेत ‘एमबीए किंवा समकक्ष’ असतं आणि ऑपरेशन्सचा माणूस तिथेच अडतो. अर्ज टाकण्यापूर्वी तुमची एचआर अर्धवेळ पदवी समकक्ष धरते का, ते मेलवर विचारून घ्या, तोंडी नको. ऐरोलीहून ठाणे गाठून माटुंगा किंवा विद्याविहार, आणि रात्री उशिराची कर्जत पकडून डोंबिवली, हे तीन वर्षं झेपेल का, ते तुमचं तुम्हीच ठरवा. साडेपाचला निघू देणारा मॅनेजर नसेल तर ही वाट जवळजवळ बंदच.

ऑनलाइन एमबीएबद्दलही विचारलंयत. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीने २०२२ मध्ये जाहीर केलंय. पात्रतेच्या रकान्यासाठी चालेल. कॅम्पसच्या यादीसाठी तिचा उपयोग शून्य.

राहिला घरच्यांचा मुद्दा. लग्नाच्या बायोडाट्यात ‘एम.बी.ए.’ लिहिलं की फरक पडतो, हे मी नाकारत नाही. ठाण्या-डोंबिवलीत तर पडतोच. पण तिथे एमएफएमही तेवढंच चालतं आणि १४ लाखांचं कर्ज असलेला मुलगा फारसा चालत नाही. आईला हे याच शब्दांत सांगून बघा.

आणि जागा ‘ब्लॉक’ करायला ते कॉलेज टोकन मागत असेल तर घाईने भरू नका. भरलंच, तर वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रियेचे जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत द्यायची, असा एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा) नियम आहे. मूळ गुणपत्रिका आणि लीव्हिंग सर्टिफिकेट ठेवून घेण्याचा त्यांना अधिकार नाही. पडताळणीला दाखवा, आणि त्याच दिवशी परत घेऊन या.