पाय टेकत नाहीत, शेपूट उतरत नाही

या वेळी आलेली निम्मी पत्रं मोटरसायकलच्या मागच्या उंचीबद्दल आहेत. कुणाला मागची बाजू खाली हवी आहे, तर कुणी ती वर केली आणि आता पस्तावतंय. मी स्वतः पाच फूट दोन इंच, त्यामुळे पहिल्या पत्राला झुकतं माप दिलं आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : माझी उंची पाच फूट तीन इंच, गाडीची सीट ८३५ मिमीवर. पाय टेकावेत म्हणून मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) शेवटपर्यंत सैल केला. आता चवडे टेकतात, पण खड्ड्यात गाडी धाडकन खाली बसते. मी बसल्यावर सॅग (वजनाने मागची बाजू जेवढी दबते ती) ६१ मिमी भरते, चाकाची एकूण चाल १३० मिमी आहे. लांब डॉगबोन पट्ट्या (शॉकअपला चाकाशी जोडणाऱ्या यंत्रणेतल्या) टाकून मागून ४० मिमी खाली आणायचं म्हणतेय. गॅरेजमध्ये सांगतात, दोन बोल्टांचं काम आहे. करू का?

सॅग मोजून लिहिणारं हे माझ्याकडे आलेलं पहिलंच पत्र, त्याबद्दल आधी शाबासकी. आता वाईट बातमी. प्रीलोड सैल करून गाडी खाली आणणं म्हणजे दाराची चौकट बुटकी म्हणून जन्मभर गुडघे वाकवून चालणं. पाय टेकले खरे, पण उडी झेलायला गुडघ्यांत काही उरलं नाही.

तुमचाच हिशेब बघा. १३० पैकी ६१ मिमी तुम्ही नुसत्या बसण्यात खर्च केले. खड्ड्यासाठी उरले ६९. रस्त्यावरच्या गाडीला मागे साधारण ३० ते ४० मिमी सॅग असावी, म्हणजे चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा. आणि प्रीलोड सैल केल्याने स्प्रिंग मऊ होते हा समज डोक्यातून काढा. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवर ठरतो. कॉलर, म्हणजे प्रीलोड कसायची कडी, फिरवून यातलं काहीच बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की गाडी कुठल्या उंचीवर उभी राहते.

म्हणून पहिलं काम पट्ट्यांचं नाही. प्रीलोड पुन्हा कसा आणि तुम्ही बसल्यावरची सॅग ३८ च्या आसपास आणा. मग खाली उतरा आणि गाडीच्या स्वतःच्या वजनाने किती बसते ते मोजा. ५ ते १५ मिमी बसली तर स्प्रिंग तुमच्या वजनाला बरोबर आहे. अजिबात बसली नाही, चाक पार टोकाला लटकलेलं राहिलं, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. प्रीलोड देऊन तुम्ही तिचं सोंग वठवून घेताय. उलट २५-३० बसली तर स्प्रिंग कडक आहे. हे लोकांना उलटं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सॅग ६१ वरून ३८ वर आली की मागची बाजू २३ मिमी वर जाईल, आणि तुम्ही मला शिव्या घालाल. थांबा. आता पट्ट्यांकडे येऊ.

४० मिमी करू नका, २५ वर थांबा. लांब पट्टीने शॉकअपची चाल कमी होत नाही. तो पूर्वीइतकाच दबतो, फक्त चाक सुरुवातीपासूनच २५ मिमी वर, मडगार्डच्या जवळ असतं. पूर्ण दबल्यावर टायर कशाला घासतो का, हे रस्त्यावर कळायला नको. शॉकअप काढा. समजा त्याची दोन डोळ्यांमधली (टोकांच्या बोल्टांच्या छिद्रांमधली) लांबी ३३० आणि चाल ६० मिमी आहे; म्हणजे पूर्ण दबल्यावर तो २७० चा होतो. नव्या पट्ट्या लावून, शॉकअपशिवाय, चाक हाताने वर उचला. त्याच्या वरच्या-खालच्या बोल्टांच्या जागांमधलं अंतर २७० झालं की तिथे लाकडाचा ठोकळा लावा आणि टॉर्च घेऊन आत बघा. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट फिरलं पाहिजे. वायरिंगही बघा. मडगार्डच्या वर वायरींची जुडी असते, आणि टायर तिच्यापर्यंत पोचलेला मी पाहिला आहे.

आता ‘दोन बोल्टांचं काम’. मी शिकाऊ असताना असंच समजले होते. गाडी पॅडॉक स्टँडवर घेतली, मागचं चाक हवेत, म्हटलं झालं. बोल्ट अर्धा बाहेर आला आणि अडकला. मी हातोडी आणि पितळी दांडा घेतला, दोन ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला बोल्ट सुटला आणि आख्खी गाडी मागच्या टायरवर बसली. सायलेन्सर माझ्या पान्यांच्या ट्रेवर. उस्ताद लांबून बघत होते. एवढंच म्हणाले, “चाक हवेत होतं गं, गाडी कुठे हवेत होती?”

पॅडॉक स्टँड स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला धरतो. त्यामुळे गाडीचं वजन स्प्रिंग आणि पट्ट्यांवरच राहतं. पट्टी खोलायची तर फ्रेमला किंवा फूटपेगच्या ब्रॅकेटला आधार हवा; मेन स्टँड असेल तर उत्तम. चाकाखाली पातळ फळ्या सरकवून चाक वर-खाली करत जा. बोल्ट बोटांनी सरकला म्हणजे वजन नेमकं निघालं. हातोडी लागली तर समजा वजन अजून त्याच्यावरच आहे. खोललंच आहे तर आतल्या बेअरिंगना ग्रीस भरा, आणि कसताना टॉर्क पाना वापरा.

मागून २५ मिमी खाली घेतलं आणि पुढे हात लावला नाही, तर गाडीचं नाक वर जातं. १४०० मिमी व्हीलबेसच्या (दोन चाकांमधल्या अंतराच्या) गाडीत हा फरक सुमारे एक अंशाचा. ऐकायला एक अंश काहीच नाही, पण ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) सहा मिमीच्या आसपास वाढते. हँडल जड लागतं आणि वळणात गाडी बाहेरच्या बाजूला पळू बघते. म्हणून पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) क्लॅम्पमधून १५ मिमी वर सरकवा, दोन्ही बाजू सारख्या. त्याआधी फोर्क पूर्ण दबल्यावर पुढचं मडगार्ड रेडिएटरला किंवा खालच्या क्लॅम्पला लागत नाही ना, हे बघा.

सीट मागच्या एक्सलवर नसते, त्याच्या बरीच पुढे असते. त्यामुळे मागे २५ उतरवले तरी सीट १७-१८ च उतरते. पुढच्या १५ मुळे आणखी चार-पाच मिळतात. प्रीलोड कसल्याने सीट १६ वर गेली होती. म्हणजे आजच्या मानाने निव्वळ फायदा सहा मिमी! हिरमोड झाला ना? उरलेलं काम सीटवाल्याचं. फोम १५ मिमी कमी करून घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं, सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता करा. पाय रुंद सीटवरून फाकून खाली जातो तेव्हा बरीच लांबी आडवीच वाया जाते. माझ्या स्वतःच्या गाडीला मी पट्ट्या लावल्याच नाहीत. नुसती सीट कोरली आणि एक चवडा टेकवून थांबायला शिकले.

आणि साइड स्टँड त्याच दिवशी कापून घ्या. गाडी उतरली की तो लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे आडवी. हे ‘नंतर करू’ म्हणून ठेवलेल्या किती जणांच्या आरशांची आणि ब्रेक लिव्हरची बिलं मी केली आहेत, सांगत नाही.

प्रश्न : माझ्या शॉकअपच्या खालच्या डोळ्याला आटे आहेत, लांबी वाढवता येते. ट्रॅकवर जाण्यासाठी १२ मिमी वाढवली. गाडी आता वळणात सुरीसारखी शिरते. पण वेगात हँडल थरथरतं, आणि चेन स्विंगआर्मवर घासल्याचा आवाज येतो. १२ मिमीने एवढं होतं?

१२ ने नाही होत. ३० ने होतं.

तुमच्या गाडीला लिंकेज, म्हणजे शॉकअप आणि चाक यांच्यामधली तरफांची जोडणी आहे. शॉकअप एक मिमी हलतो तेव्हा चाक दोन-तीन मिमी हलतं. २.५ चं प्रमाण धरा. १२ मिमीचे चाकाशी ३० झाले. म्हणजे नाक सव्वा अंश खाली, आणि ट्रेल सात-आठ मिमी कमी. गाडीला सरळ धरून ठेवणारी गोष्ट ट्रेल, तीच तुम्ही कापलीत. वर ब्रेक मारताना मागचं चाक हलकं होत असणार, ते तुम्ही लिहिलं नाही एवढंच.

चेनचंही तेच. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (बिजागरी) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. मागची बाजू वर केल्यावर स्विंगआर्म जास्त कलतो आणि वरची चेन त्याच्या रबरी पट्टीवर घासायला लागते. तुम्ही पुस्तकात दिलेला सैलपणा या नव्या उंचीवर ठेवला असेल, तर चाक वर येऊन तिन्ही रेषेत आल्यावर चेन तारेसारखी ताठ होईल आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढेल. चेन त्या एका रेषेतच तपासायची: थोडी तरी ढिली राहिली पाहिजे. मागचा ब्रेक होजही चाक लटकवून बघा, ताणला जात असेल.

आधी लॉकनट ढिला करून मूळ लांबीवर या. मग शॉकअपच्या मापाने २ मिमी वाढवा, म्हणजे चाकाशी ५. एक दिवस चालवा, वहीत लिहा, मग पुढचे २. आट्यांवर बहुतेक ठिकाणी मर्यादेची खाच कोरलेली असते. ती दिसायला लागली की थांबायचं. त्यापुढे डोळा मोजक्या आट्यांवर लटकतो. आणि उंची बदलल्यावर प्रीलोडला हात लावायचा मोह होईल. तो आवरा. एका वेळी एकच गोष्ट फिरवली तर कशाने काय झालं ते कळतं.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, ‘पट्टी लांब केली की गाडी खाली येते’. माझ्या मित्राच्या जुन्या डुकाटीत दांडा लांब केल्यावर मागची बाजू वर गेली. कोण चुकलं?

मी. निदान अर्धी. १९९४ ची डुकाटी ९१६ घ्या. तिच्यात स्विंगआर्म आणि रॉकरच्या (शॉकअप दाबणाऱ्या तरफेच्या) मध्ये लांबी बदलता येणारा दांडा आहे. गाडीच्या वजनाने तो दाबला जातो, म्हणून लांब केला की शेपूट वर. बऱ्याच जपानी गाड्यांमध्ये डॉगबोन ओढल्या जातात. ओढली जाणारी गोष्ट लांब केली की गाडी खाली उतरते. तेव्हा नियम असा लिहायला हवा होता: वजनाने पट्टी ताणली जाते की दाबली जाते, ते आधी बघा. चूक दाखवल्याबद्दल मित्राला माझा नमस्कार, आणि त्याची गाडी कधी बघायला मिळेल?

प्रश्न : माझ्या गाडीला मागे दोन शॉकअप आहेत. त्यांच्या खालच्या टोकाला लावायचे उंची वाढवणारे लोखंडी तुकडे मिळतात. लावावेत का?

नाही. शॉकअपचा डोळा बोल्टवर फिरावा म्हणून बनवलेला असतो. त्याच्याखाली लांब तुकडा जोडला की मध्ये एक फालतू सांधा तयार होतो, आणि खड्ड्यात सगळा मार आडवा त्या तुकड्यावर आणि बोल्टवर येतो. मी वाकलेले बोल्ट पाहिले आहेत, एकदा तर एका बाजूचा तुकडा वाकलेला आणि दुसरा सरळ. उंची हवी असेल तर तेवढ्या लांबीचे शॉकअपच घ्या, दोन्ही एकदम.

प्रश्न : सस्पेन्शनला हातही लावला नाही, फक्त मागचा टायर बदलला, तरी गाडी वेगळी वागते. मनाचे खेळ का?

टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. १८०/५५ च्या जागी १८०/६० आला असेल. पहिला आकडा रुंदी, दुसरा उंचीची टक्केवारी: १८० चे ५५ टक्के म्हणजे ९९ मिमी, ६० टक्के म्हणजे १०८. मागची बाजू नऊ मिमी उचलली गेली, आणि जुना टायर झिजलेला होता म्हणून फरक त्याहूनही जास्त. रात्री हेडलाइट बघा, झोत पूर्वीपेक्षा जवळ पडत असेल.