‘मी’ शोधायला बसलास तर

भाऊ, एकदम आत्मा-अनात्माच्या, म्हणजे आत्मा आहे की नाही या, वादात उडी घेऊ नकोस. आधी स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम घे. १७३९ साली त्याने मांडलं की आत डोकावलं तर ऊन, थंडी, माया, द्वेष असं काहीतरी हाती लागतं. ते अनुभवणारा ‘मी’ वेगळा सापडत नाही. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात चालताना करून बघ. तहान दिसते, चटका दिसतो. तहानलेला कुठे आहे? माझे यात खूप दिवस गेले, आणि ते सार्थकी लागले.

मग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स, १८९०. जाणणारा ‘मी’ वेगळा, जाणला जाणारा वेगळा. या जाणल्या जाणाऱ्या ‘मी’त त्याने घर, कपडे, माणसंही धरली. वादळात केळीची बाग पडली की आपला शेतकरी ‘मीच आडवा झालो’ म्हणतो, त्याचा अर्थ मला तिथे उमगला.

बुद्धाचे पाच स्कंध, म्हणजे ज्यांना आपण ‘मी’ समजतो ते शरीर-मनाचे पाच घटक, मात्र सावकाश वाच, वर्ष लागलं तरी चालेल.