वाढीव पगार बे एरियाच्या भाड्यातच जाणार असेल तर

टेक्सासमधल्या, डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवऱ्याला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या सँटा क्लारात नोकरी मिळते आहे, पगार १,२०,००० डॉलरवरून १,४५,००० होईल. मुलगी सहावीत, मुलगा जूनमध्ये चार वर्षांचा झाला. ताई एच-४ म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आहेत आणि नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज, अजून मंजूर नाही. तोवर त्यांना नोकरीची परवानगी मिळत नाही, त्यामुळे कमावणारा एकच. सध्याचं भाडं १,९०० डॉलर. तिकडे आमचं भागेल का आणि घर कुठे बघू, असं त्या विचारतात.

ताई, भागेल. पण पंचवीस हजारांची वाढ डोक्यात धरून घरं बघू नका, कारण तेवढी हातात पडणार नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात आहे. शिवाय तिथल्या एसडीआय या आजारपण-अपंगत्वाच्या सरकारी विम्याची कपात २०२४ पासून पूर्ण पगारावर होते, आधी तिला कमाल मर्यादा होती. फेडरल कर आणि सोशल सिक्युरिटीही वजा केली, तर माझ्या हिशेबाने त्या वाढीतले वर्षाला अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला साधारण नऊशे डॉलर उरतात. त्यात आजचं भाडं मिळवा, २,८०० झाले. सँटा क्लारा, सनीव्हेलकडे दोन बेडरूमच्या बऱ्या घराला तीन ते चार हजार मोजावे लागतात. ३,४०० चं घर घेतलंत, तर महिन्याला सहाशेची तूट. ही तूट कशी भरून काढणार, ते कागदावर मांडा आणि मगच ऑफर लेटरवर सही होऊ द्या.

तूट भरून काढायला मला दोन जागा दिसतात. पहिली दुसरी गाडी. घर ऑफिसपासून सायकलच्या किंवा बसच्या अंतरावर मिळालं, तर तिचा हप्ता, विमा आणि पेट्रोल तिन्ही वाचतात, आणि कॅलिफोर्नियात पेट्रोल टेक्सासपेक्षा बरंच महाग आहे. दुसरी जागा मुलाची प्रीस्कूल. २०२५-२६ पासून कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना ट्रान्झिशनल किंडरगार्टनमध्ये, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गात, मोफत जाता येतं. तुमचा मुलगा त्यात बसतो. आणखी एक छोटी गोष्ट म्हणजे वीज. सँटा क्लारा शहराची स्वतःची वीज कंपनी आहे आणि तिचे दर शेजारच्या शहरांतल्या पीजी अँड ई या खासगी वीज कंपनीपेक्षा बरेच कमी आहेत. भाडी तोलताना हेही धरा.

सहीआधी नवऱ्याने एचआरशी बोलावं. स्थलांतराचा खर्च कंपनी देत असली, तरी २०१८ पासून फेडरल करात तो पगारासारखाच धरला जातो. तो कर कंपनी भरणार का, हे विचारा. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत मागण्याची अट आहे का, तेही पाहा.

आता घर कुठे. तुम्हाला बरेच जण डोंगरापलीकडची ट्रेसी किंवा माउंटन हाउस ही लांबची गावं सुचवतील. त्याच पैशात तिकडे अख्खं घर मिळतं, हे खरं आहे. पण अल्टामाँट खिंडीतून रोज जाऊन-येऊन नवऱ्याचे कित्येक तास रस्त्यात जातील. एसीई रेल्वे ट्रेसीहून थेट सँटा क्लाराच्या ग्रेट अमेरिका स्टेशनला येते, पण तिच्या गाड्या मोजक्याच, सकाळी सँटा क्लाराकडे आणि संध्याकाळी परत. दुपारी मुलाला ताप आला तर नवरा वेळेत घरी पोचू शकत नाही. नव्या गावात, ओळखीचं कोणी नसताना, तुम्ही दिवसभर दोन मुलांसह एकट्या. माझं मत स्पष्ट आहे: एक पगार आणि लहान मूल असताना लांबचं मोठं घर घेऊ नका. जवळचं, जुनं, लहान घर घ्या.

जुनं म्हणते त्याला कारण आहे. नव्या, चकचकीत इमारती 'आठ आठवडे मोफत' अशी जाहिरात करतात. समजा करारात भाडं ३,९०० आहे. आठ आठवडे माफ झाले की महिन्याची सरासरी ३,३०० पडते, आणि तुम्ही ३,३०० मध्ये घर मिळालं असं समजता. वर्ष संपलं की वाढ ३,९०० वर लागते आणि सवलत गेलेली असते. वर राज्याची भाडेवाढीची मर्यादा, म्हणजे ५ टक्के अधिक महागाई आणि जास्तीत जास्त १० टक्के, ही गेल्या पंधरा वर्षांत बांधलेल्या इमारतींना लागू नाही. मुलीची शाळा नुकती रुळलेली असताना पुन्हा घर बदलायची पाळी येते. सॅन होजे शहरात ७ सप्टेंबर १९७९ पूर्वी बांधलेल्या, तीन किंवा अधिक घरांच्या अपार्टमेंट इमारतींत भाडेवाढ वर्षाला ५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. स्वयंपाकघर जुनाट असेल, कपडे धुवायचं मशीन खाली सामाईक असेल, पण दुसऱ्या वर्षाचं भाडं आज सांगता येतं. घर बघताना पहिला प्रश्न हाच विचारा: इमारत कधी बांधली?

शाळेसाठी शेजारच्या क्युपर्टिनो शहरातच घर हवं असा धोशा तुम्ही ऐकाल. पण शाळांच्या हद्दी शहरांच्या हद्दींप्रमाणे चालत नाहीत. क्युपर्टिनो युनियन या शाळांच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे विभागात, सॅन होजेचा पश्चिम भाग आणि सनीव्हेलचा काही भागही येतो. पत्त्यावर सॅन होजे असलं तरी शाळा तीच. हायस्कूलचा डिस्ट्रिक्ट मात्र वेगळा असतो, तो स्वतंत्र तपासा. दलालाच्या किंवा मैत्रिणीच्या शब्दावर राहू नका, डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर नेमका पत्ता घालून बघा.

अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी भाड्याच्या तिप्पट पगार लागतो; ३,४०० ला महिना १०,२००, तुम्ही त्यात बसता. १ जुलै २०२४ पासून डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. एक-दोनच घरं असलेला छोटा मालक दोन महिन्यांचं मागू शकतो. न पाहिलेल्या घरासाठी कोणी झेलने (Zelle, खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा) आगाऊ पैसे मागितले तर तिथेच थांबा. ओळखीचं कोणी नसेल, तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात विचारा, घर बघून यायला कोणीतरी तयार होतं.

एक विषय कोणी काढत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. म्हणून करार मुदतीआधी मोडायचा असेल तर किती भरावे लागतील, हे सहीआधीच लेखी घ्या. चार महिन्यांचा खर्च बँकेत पडून राहील एवढंच भाडं पत्करा. तो फंड उभा करायला फर्निचर वर्षभर जुनंच राहिलं तरी चालेल.

जमलं तर नवऱ्याने आधी एकट्याने जावं, एखादी खोली भाड्याने घ्यावी आणि शनिवार-रविवारी घरं बघावीत. तुम्ही डिसेंबरच्या सुट्टीत जा. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात, त्यामुळे उन्हाळ्यात घरांसाठी झुंबड असते आणि थंडीत भाडी जरा उतरतात. मुलीला वर्षाच्या मध्ये शाळा बदलणं जड जाईल. तिला घराचं ठरल्यावर सांगू नका, आत्ताच सांगा, आणि शेवटच्या दोन-तीन घरांचे फोटो तिलाही बघू द्या. तिची खोली लहान होणार आहे, हे तिला तुमच्याकडूनच कळायला हवं.