पाईक की सर्कस? आधी मेडिक्लेमचं बघ

चिंचवडहून एका 27 वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणालाय, तर नाही देत. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते.

आयटी सपोर्टमध्ये नोकरी, हातात महिन्याला 52 हजार, खर्च 42 च्या आसपास, बँकेत 40 हजार पडून. लग्न नाही, वडील नाहीत, आई त्याच्यावर अवलंबून. चार वर्षं स्ट्रीट ट्रायल्स करतोय, म्हणजे सायकलवरून भिंतीवर, कठड्यावर, पायऱ्यांवर उड्या. 26 इंची सायकल आहे, पुढे रिजिड फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, पण न दबणारा. मागच्या वर्षी मनगट मोडलं, प्लेट बसवली, 1 लाख 65 हजारांचं बिल कंपनीच्या मेडिक्लेमने भरलं. आता लँडिंगला हादरे जाणवतात म्हणून सस्पेन्शन फोर्क हवाय, दबून हादरे खाणारा. रॉकशॉक्सचा पाईक डीजे, 100 मि.मी. ट्रॅव्हलचा (तेवढा दबणारा), बाहेरून मागवला तर ड्युटीसकट 62 हजार, कार्डावर 12 महिन्यांचा ईएमआय. नाहीतर मॅनिटू सर्कस 38 हजारांत, रोख. नाहीतर कुणाचा तरी वापरलेला 18 हजारांत. "मॅडम, पाईक दहा वर्षं टिकतो म्हणतात, मग ती इन्व्हेस्टमेंटच झाली ना? मार्चएंडला जॉब सोडून फुल टाइम शो आणि व्हिडिओ करणार आहे, स्पॉन्सर मिळाला की पैसे वसूल. इन्शुरन्सचं टेन्शन नाही, काकांकडून पॉलिसी घेतलीये, अपघात कव्हरसकट."

प्रश्न फोर्कचा आहे तर त्याचं उत्तर आधी देते. मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

पाईक नको, निदान आत्ता तरी नको. कारण फक्त पैशाचं नाही. मी एका चांगल्या सायकल मेकॅनिकला तुझं पत्र वाचून दाखवलं तर त्याने किंमत विचारलीच नाही, पहिला प्रश्न केला हेडट्यूब, म्हणजे फ्रेमची पुढची नळी, कुठली आहे? पाईक डीजेचा स्टिअरर, म्हणजे त्या नळीत जाणारा दांडा, टेपर्ड, खाली रुंद होत जाणारा, दीड इंच, आणि तू लिहिलंयस "नॉर्मल सरळ हेडट्यूब", ती 44 मि.मी.ची असेल तर वेगळा खालचा कप घालून जमेल, जुन्या पद्धतीची बारीक असेल तर जाणारच नाही, मग 62 हजारांचा फोर्क घरात ठेवून फ्रेम शोधत बस. दुसरं, तो 15 मि.मी.चा ॲक्सल (चाकाचा आस) मागतो, तुझा हब 9 चा, म्हणजे हब नाहीतर अख्खं पुढचं चाक, धर आणखी आठ-दहा हजार. तिसरं म्हणजे लांबी. तुझी फ्रेम आखूड रिजिड फोर्कसाठी बनलीये, ॲक्सलच्या मध्यापासून क्राउनपर्यंतचं (फोर्कच्या वरच्या जोडापर्यंतचं) माप साधारण 20 मि.मी. वाढलं की हेड अँगल, हेडट्यूबचा कोन, एका अंशाने पडतो, पुढची बाजू वर येते, आणि मागच्या चाकावर उभं राहून हॉप मारायची जी सवय चार वर्षांत बसलीये ती पुन्हा बसवावी लागते. आधी टेपने माप, मग बोल. शिवाय पाईकसारख्या हवेवर चालणाऱ्या एअर फोर्कला दर 50 तासांनी खालच्या पायांची सर्व्हिस लागते आणि 200 तासांनी पूर्ण. तू आठवड्याला आठ तास चालवतोस म्हणजे वर्षाला 400 तास, आठ छोट्या सर्व्हिस आणि दोन मोठ्या, बाहेर केल्यास तर दहा-पंधरा हजार दरवर्षी जाणार. हा खर्चच आहे, इन्व्हेस्टमेंट म्हणू नकोस त्याला. आवडीचा खर्च करायला काही हरकत नाही, पण तो खर्चाच्या खात्यात लिही.

आणि मनगट दुखतंय म्हणून फोर्क घेत असशील तर आधी ज्यांनी प्लेट बसवली त्या डॉक्टरांना दाखव. प्लेट ठेवायची की काढायची हे ते सांगतील, दुकानदार नाही. काढायची ठरली तर ती याच कंपनीच्या मेडिक्लेममध्ये, मार्चच्या आत काढून घे, हे लक्षात ठेव, पुढे कारण येतंय.

आता ईएमआयचं गणित. 62 हजार, 15-16 टक्के, 12 महिने, हप्ता साधारण 5,600, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरून एकूण 68 हजारांच्या वर. तू महिन्याला 10 हजार वाचवतोस म्हणतोस, पण पॉलिसीचा वर्षाचा हप्ता 60 हजार, म्हणजे महिन्याला 5 हजार त्यातलेच. उरले 5. हप्ता 5,600. बसत नाही. शिवाय पॉलिसीच्या 5 डिसेंबरच्या हप्त्यातले 20 हजार "कार्डावर टाकेन" म्हणतोस, म्हणजे बँकेतले 40 संपले, कार्डावर 20 चढले, ते वेळेत फेडले नाहीस तर महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला चाळीसच्या वर, आणि मार्चमध्ये नोकरी सोडताना फोर्कचे सात हप्ते शिल्लक, 39 हजार. पगार शून्य, बचत शून्य. हे सगळं तूच लिहिलंयस, फक्त वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्यामुळे तुला एकत्र दिसलं नाही.

खरं दुखणं मात्र फोर्कमध्ये नाही, ते तुझ्या "इन्शुरन्सचं टेन्शन नाही" या ओळीत आहे.

पॉलिसीच्या कागदाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. त्यात मुदतीनंतर मिळणाऱ्या रकमेपैकी 8 टक्क्यांच्या रकान्यातले 21 लाख निळ्या पेनाने गोल केलेत, आणि शेजारच्या 4 टक्क्यांच्या रकान्यावर काकांचं व्हिजिटिंग कार्ड स्टेपल केलंय. कार्डाखालून आकडा अर्धा दिसतोय, 14 लाख आहे तो. हे दोन्ही रकाने नियमाने छापावे लागतात, दोन्ही नुसती उदाहरणं आहेत, आणि 8 टक्के हा तुला मिळणारा दर नाही, कंपनीने गुंतवणुकीवर तेवढे कमावले असं धरून, सगळे खर्च वजा करून उरेल तो आकडा. आता बघ, वर्षाला 60 हजार, 20 वर्षं, 12 लाख भरणार. 21 लाख मिळाले तरी परतावा जेमतेम 5 टक्के. 14 मिळाले तर दीड. तेच 60 हजार 7.1 टक्क्यांनी पीपीएफमध्ये टाकलेस, 15 वर्षांनंतर पाच वर्षं वाढवून घेतलंस, तर साडेसव्वीस लाखांच्या आसपास, सरकारच्या हमीने. आणि एवढे पैसे घेऊन विमा किती दिलाय? 6 लाख. उद्या तुला काही झालं तर तुझी आई 6 लाखांत किती वर्षं काढेल? तुमचं घर 42 हजारांत चालतं, म्हणजे सव्वा वर्षाच्या आतच संपले. टॅक्स वाचतो असंही काकांनी सांगितलं असेल, तू नवीन रिजीममध्ये आहेस, तिथे 80सी, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची करसवलत, नाहीच, आणि तुझ्या पगारावर तसाही टॅक्स शून्य आहे. आई ज्याच्यावर अवलंबून आहे अशा 25 वर्षांच्या मुलाला ही पॉलिसी विकणाऱ्या माणसाचा मला खरंच राग येतो, मग तो काका असो की कोणी.

"अपघात कव्हर" जे म्हणतोयस तो रायडर, पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर, अपघाती मृत्यू आणि कायमचं अपंगत्व एवढ्यापुरताच आहे, कागदावर लिहिलंय. मागच्या वर्षी मनगट मोडून तू घरी बसलास तेव्हा त्यातून रुपया आला नाही, येणारही नव्हता. हॉस्पिटलचं बिल ज्याने भरलं तो कंपनीचा मेडिक्लेम, आणि तोच तू मार्चमध्ये सोडून देतोयस. बहुतेक कंपन्यांत शेवटच्या कामाच्या दिवशी ते कव्हर संपतं. म्हणजे 1 एप्रिलला तू पूर्ण वेळ भिंतींवरून उड्या मारायला लागणार आणि त्याच दिवशी तुझ्याकडे हॉस्पिटलचा विमा नसणार. पत्रातली सगळ्यात मोठी चूक ही आहे आणि तिच्याबद्दल तू एक शब्द विचारलेला नाहीस.

स्वतःचा मेडिक्लेम घेईन म्हणशील. घेच, पण दोन गोष्टी आधी समजून घे. एक, मनगटाची दुखापत फॉर्ममध्ये लिहावी लागणार, आणि आधीपासूनच्या आजार-दुखापतीला जास्तीत जास्त तीन वर्षांचा वेटिंग पिरियड लागू शकतो. म्हणून प्लेटचं मघाशी म्हणाले. नवीन अपघात पहिल्या दिवसापासून कव्हर होतो, पण त्या मनगटाशी जोडलेलं काहीही निघालं तर वाद होणार. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, तसं गेलास तर आत्तापर्यंतच्या वर्षांचा फायदा मिळतो. पण ते नोकरीत असतानाच, महिना-दीड महिना आधी अर्ज करून. राजीनाम्याच्या आधी एचआरला मेल टाक.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती तुझ्या धंद्यातल्या कोणीच तुला सांगितलेली दिसत नाही. जवळपास सगळ्या मेडिक्लेममध्ये एक ठरावीक अपवाद असतो, एक्सक्लुजन 09, धोकादायक किंवा साहसी खेळात प्रोफेशनल म्हणून भाग घेतल्यामुळे लागलेले उपचार मिळणार नाहीत. यादीत रॉक क्लाइंबिंग, राफ्टिंग, मोटर रेसिंग वगैरे आहे, सायकल नाही, पण यादी "यापुरती मर्यादित नाही" असं स्पष्ट लिहिलंय. आज तू नोकरी करून हौसेने उड्या मारतोस, त्यामुळे तुझी बाजू भक्कम आहे. मार्चनंतर तुझा व्यवसायच हा. स्पॉन्सरचा टी-शर्ट घालून, पैसे घेऊन शो करताना पडलास तर क्लेम बघणारा माणूस पहिलं तेच विचारणार. म्हणजे ज्या स्पॉन्सरशिपवर तू फोर्कचे पैसे वसूल करणार आहेस तीच तुझा मेडिक्लेम अडचणीत आणू शकते. विमा कंपनीला लेखी विचार, "मी वर्षातून काही पेड शो करतो, तेव्हाची दुखापत कव्हर आहे का?", आणि उत्तर ईमेलवर घे. फोनवरचं "हो सर, सगळं कव्हर आहे" याला काडीची किंमत नाही.

स्कॉटलंडच्या डॅनी मॅकअस्किलचं, त्या प्रसिद्ध स्ट्रीट ट्रायल्सवाल्याचं, उदाहरण दिलंयस. 2009 चा एडिनबरोचा तो व्हिडिओ मी पण बघितला, माणूस भन्नाट आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घे. तो व्हिडिओ आला तेव्हा तो सायकलच्या दुकानात मेकॅनिकची नोकरी करत होता, आधी नोकरी सोडून मग व्हिडिओ केला असं झालेलं नाही. आणि त्याचीही हाडं मोडलीत, कॉलरबोन तर एकापेक्षा जास्त वेळा, पण स्कॉटलंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा आहे, तिथे हाड मोडलं म्हणून हॉस्पिटल हातात बिल देत नाही. इथे ॲडमिट करायच्या आधी डिपॉझिट भरा म्हणतात. तुझं मागच्या वर्षीचं शोचं उत्पन्न चार शो, प्रत्येकी 8 हजार, 32 हजार. त्यातून टायर, ब्रेक पॅड, प्रवास काढ, काय उरलं? आणि आपल्याकडे सायकलवाल्यांची स्पॉन्सरशिप बहुतेक वेळा पार्ट्स आणि डिस्काउंटच्या रूपात येते, रोख क्वचित. तुझी मेहनत पत्रातून दिसतेय, पण 32 हजारांवर आईचं घर चालत नाही.

म्हणून काय कर. आधी राजीनामा पुढे ढकल. सहा महिन्यांचा खर्च, अडीच लाख, बाजूला पडेपर्यंत नोकरी आणि शनिवार-रविवार शो. आत्ताच स्वतःचा 10 लाखांचा मेडिक्लेम, तुझ्या वयाला नऊ ते बारा हजार, हेल्थ आणि लाइफच्या वैयक्तिक प्रीमियमवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही. एक कोटीचा टर्म, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, दहा-बारा हजार, फॉर्ममध्ये धोकादायक छंद विचारतात तिथे ट्रायल्स लिही, प्रीमियम थोडा वाढला तर वाढू दे. शिवाय पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी, ज्यात काही आठवडे काम बंद पडलं तर दर आठवड्याला पैसे मिळतात अशी, तीन-चार हजार, त्यातही खेळाचा अपवाद वाचून. सगळं मिळून 22-28 हजार, म्हणजे काकांच्या हप्त्याच्या निम्म्याहून कमी. त्या हप्त्यातले वर्षाला निदान 32 हजार उरतात. ते आधी अडीच लाखांच्या डब्यात जाऊ देत, तो भरला की सर्कस रोख घे, सरळ स्टिअररचा, तोपर्यंत ॲक्सल आणि लांबीची मोजमापंही झालेली असतील. वापरलेला 18 हजारांचाही चालेल, फक्त स्टँचियनवर (फोर्कच्या वरच्या गुळगुळीत नळ्यांवर) नखाला लागेल असा ओरखडा नाही ना, सीलमधून तेल येत नाही ना, आणि रात्री भरलेली हवा सकाळी तेवढीच आहे ना हे बघून. तोवर रिजिडवर, पुढे रुंद टायर आणि हवा जरा कमी. 24 इंचीवाले बरेच जण आयुष्यभर रिजिडवरच चालवतात.

पॉलिसीचं शेवटचं. दोन हप्ते गेलेत, 1 लाख 20 हजार. ते वाया गेले म्हणून आणखी 18 हप्ते भरायचे हे चालणार नाही. दोन आकडे लेखी माग, आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे घेतले, तर किती, आणि पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर 18 वर्षांनी किती. पेड-अपमध्ये साधारण हिशोब 6 लाखांचे दोन-विसांश, 60 हजार, वर जमलेला बोनस असेल तर तो. सरेंडरला आज 50-60 हजार देत असतील तरी माझं मत सरेंडर, ते पैसे तुला आत्ता लागणार आहेत, 45 व्या वर्षी नाही. ही मागणी काकांमार्फत करू नकोस, थेट शाखेत जा, अर्जाची पोच घे. काका आईला फोन करतील, त्याआधी आईला तूच कागद दाखव, कार्ड काढून दोन्ही रकाने दाखव. 5 डिसेंबरची तारीख आहे पण वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची जादा मुदत असते, तेव्हा घाई नाही, आकडे हातात येईपर्यंत हप्ता भरू नकोस. आणि टर्म, मेडिक्लेम मंजूर होऊन पॉलिसी हातात पडल्यावरच ही बंद कर, आधी नाही.