टायटन अरम ही अजस्र फुलोऱ्याची वनस्पती इतक्या वर्षांनी का फुलते? आणि फुलल्यावर मरते का?

मरत नाही, हे आधी सांगून टाकतो. आयुष्यात एकदाच फुलून, बिया देऊन वाळून जातो तो श्रीताड, ताडाच्या कुळातलं झाड. लोक दोघांची गल्लत करतात. टायटन अरमचा फुलोरा कोमेजला तरी कंद जमिनीत शाबूत असतो. क्वचित एखादा कंद फळं पोसून इतका खंगतो की पुन्हा उठत नाही, पण तो नियम नव्हे.

आता वर्षं का लागतात ते. ही सुरणाच्याच वंशातली, मूळची पश्चिम सुमात्राच्या पर्जन्यवनातली. सुरणासारखाच कंद, आणि एका वेळी एकच पान. पण त्याला पान म्हणायला जीभ रेटत नाही: सहा मीटरपर्यंत उंच, वर छत्रीसारखा पसारा. देठावर फिकट ठिपके, जुन्या खोडावर दगडफूल चढावं तसे. वनस्पती उद्यानात मी त्यावरून बोट फिरवून पाहिलंय. सगळं गुळगुळीत, नुसता रंग. हे सोंग जनावरांना दूर ठेवायला असावं, असा एक तर्क आहे.

हे पान वर्षभर किंवा थोडं जास्त टिकतं, अन्न करून कंदात भरतं आणि गळतं. मग काही महिने वर काहीच नाही. पुढचं पान बहुधा आधीपेक्षा मोठं. असं करत पहिला फुलोरा यायला साधारण सात ते दहा वर्षं जातात. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारींनी १८७८ मध्ये सुमात्रात ही वनस्पती शोधली, बिया युरोपात धाडल्या. लंडनच्या क्यू उद्यानात ती फुलली १८८९ मध्ये. एडिनबरोच्या उद्यानातला एक कंद २०१० मध्ये १५३.९ किलो भरला होता.

एवढा साठा लागतो, कारण खर्चही तसाच आहे. तीन मीटरपर्यंतचा फुलोरा काही आठवड्यांत उभा करायचा, वर मधला दांडा माणसाच्या अंगाइतका तापवून सडक्या मांसाचा वास दूरवर पोचवायचा, म्हणजे मुडदे खाणारे भुंगे आणि माश्या येतात. खरी फुलं शेकडो, बुटकी, दांड्याच्या बुडाशी लपलेली. खाली मादी, वर नर. पहिल्या रात्री मादी फुलं तयार असतात, पराग दुसऱ्या दिवशी सुटतो. त्यामुळे जवळपास दुसरी वनस्पती अगदी एक-दोन दिवसांच्या अंतराने फुललेली लागते. जंगल तुटून संख्या घटली की हा योग जुळायचा कसा? २०१८ पासून ती संकटग्रस्त यादीत आहे. उद्यानं पराग जपून एकमेकांना पाठवतात ते म्हणूनच.

‘दर दहा वर्षांनी फुलते’ हे मात्र सोडून द्या. एकदा फुलल्यावर काही कंद दोन-तीन वर्षांत पुन्हा फुलतात, काही ताटकळवतात. पाहायला जाणार असाल तर फुलोरा उघडतो त्याच रात्री जा. दुसऱ्या दिवशी वास बराच उतरलेला असतो.