तुझ्या तक्त्यात नसलेल्या ओळी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यासोबतचा फोनचा तक्ता काल रात्री निवांत बसून वाचला. चार फोन, बावीस ओळी, एकही चौकट रिकामी नाही. तुझ्या वयात मीही असेच तक्ते करायचो, त्यामुळे त्यामागची मेहनत मला कळते. पण शेवटी तू विचारलंस, "यातला कोणता घेऊ?" त्याचं उत्तर या बावीस ओळींत सापडणार नाही. हे सगळे आकडे डब्यात बंद असलेल्या फोनचे आहेत. तुला तो तुझ्या खोलीत, तुझ्या नेटवर्कवर आणि निदान चार वर्षं वापरायचा आहे.

कॅमेऱ्याच्या ओळी आधी खोडतो. 50 मेगापिक्सेल आणि 200 मेगापिक्सेल हे दोन आकडे तू शेजारी लिहिलेस आणि दुसऱ्याखाली रेघ मारलीस. नेहमीच्या फोटोत पहिला फोन चार-चार पिक्सेल एकत्र करतो आणि दुसरा सोळा-सोळा. दोघांचाही फोटो साडेबारा मेगापिक्सेलचाच निघतो. सेन्सर आकाराने केवढा आहे आणि फोनमधलं सॉफ्टवेअर त्या प्रकाशाचं काय करतं, यावर फोटो ठरतो. चारही फोनमधून एकाच खोलीत, दिवे मंद करून, हलणाऱ्या माणसाचा फोटो काढून बघ. दहा मिनिटांत निकाल लागेल.

आता बॅटरी. इथे जरा थांबतो, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. चौघांचीही 5000 एमएएच आहे म्हणून तू ती ओळ "समान" म्हणून सोडून दिलीस. पण एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, हे विद्युतभाराचं माप आहे, ऊर्जेचं नाही. त्याला व्होल्टेजने गुणलं की वॉट-अवर मिळतात, आणि खरी शिल्लक ती. तुझ्या पॉवर बँकेबद्दलच्या तक्रारीचं उत्तरही यातच आहे. 10,000 एमएएचची बँक 5000 एमएएचचा फोन दोनदा का भरत नाही? बँकेतल्या सेलचं सरासरी व्होल्टेज 3.7, म्हणजे आत 37 वॉट-अवर. बाहेर देताना आधी व्होल्टेज वाढवायचं, मग फोनने ते पुन्हा उतरवून घ्यायचं. या चढउतारात बराच भाग उष्णता होऊन जातो. फोनला भरायला साधारण 19 वॉट-अवर लागतात. बँक दीड वेळा भरते, आणि ती चांगली बँक आहे. विमानातही हेच माप चालतं. तिथली नेहमीची मर्यादा 100 वॉट-अवरची आहे, आणि बँक सोबतच्या बॅगेत ठेवावी लागते.

लिथियम-आयन बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते: उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणं. दोन्ही एकत्र आल्या तर फारच लवकर. रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन म्हणजे नेमकं तेच. बहुतेक नव्या फोनमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. ज्या दिवशी लांब जायचं नसेल त्या दिवशी ती चालू ठेव. कपाटात ठेवायचा जुना फोन निम्मा भरून ठेवावा. हे मी शिकलो ते एक जुना फोन पूर्ण भरून दीड वर्ष खणात विसरलो तेव्हा. बाहेर काढला तर टेबलावर सपाट बसेना. स्क्रीनची एक कड उचलली गेली होती आणि त्या फटीतून आतली करडी पिशवी उशीसारखी फुगलेली दिसत होती. अशी बॅटरी कधीही दाबायची नाही, टोचायची नाही आणि चार्जिंगलाही लावायची नाही. ती थेट ई-कचऱ्याच्या संकलनात द्यायची. मी तसंच केलं.

म्हणून तुझ्या तक्त्यात माझी पहिली ओळ: "बॅटरी बदलून मिळते का, आणि किती वर्षं मिळेल?" युरोपीय संघात जून 2025 पासून नियमच आहे की फोनच्या बॅटरीने 800 चार्ज-चक्रांनंतरही (एक चक्र म्हणजे एकदा पूर्ण भरून वापरण्याइतका वापर) मूळ क्षमतेच्या निदान 80 टक्के धरायला हवं. त्याच नियमात सॉफ्टवेअर अपडेट्सच्या वर्षांचीही अट आहे. दुसरी ओळ तीच, अपडेट्सची. गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 साठी आणि सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 साठी सात वर्षांचं आश्वासन दिलं. तुझ्या यादीतला तिसरा फोन स्वस्त वाटतोय खरा, पण त्याची किंमत अपडेट्सच्या वर्षांनी भागून बघ.

केबलचं थोडक्यात सांगतो. टाइप-सी हे फक्त तोंडाचं नाव आहे. दोन केबली दिसायला जुळ्या असतात. एकीतून सेकंदाला 480 मेगाबिट जातात, दुसरीतून 10 गिगाबिट. एक 60 वॉट पेलते, दुसरी 240. आयफोन 15 चं टाइप-सी तोंड 480 मेगाबिटचंच आहे, तर 15 प्रोचं 10 गिगाबिटचं, पण प्रोच्या डब्यातली केबल मात्र हळूचीच. मी प्रत्येक केबलीला कागदाची चिठ्ठी चिकटवतो आणि तिच्यावर वेग आणि वॉट लिहितो. तूही लिही. आणि मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, हे डोक्यात पक्कं असू दे. आठने भागायचं. 100 मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरले तर कुणी तुला लुबाडलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तू "5जी: हो, हो, हो, हो" असं लिहून पुढे गेलास. पण तुझं अर्धं पत्र तर फोन कट होतो, आवाज तुटतो याबद्दलच आहे! माझा ठाम अंदाज आहे की तुझा त्रास फोनचा नाही, नेटवर्कचा आहे, आणि नवा फोन घेतलास तरी तो सोबत येईल.

स्क्रीनवरच्या सिग्नलच्या दांड्यांवर विसंबू नकोस. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचं सर्वांना लागू असं एकच माप नाही. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात, असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या "फोनविषयी" या भागात सिमच्या स्थितीखाली तो दिसतो. आयफोनवर *3001#12345#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो. आकडा ऋण असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. 4जीवर उणे 80 च्या आसपास असेल तर मजेत बोल. उणे 110 च्या पलीकडे गेला की तुटणारच. हे अंतर 30 दिसतं, पण डीबीएमच्या हिशेबात दर 10 ला शक्ती दहापट बदलते. म्हणजे उणे 110 ला तुझ्या फोनपर्यंत हजारपट कमी सिग्नल पोचतोय.

मी हे माझ्या घरात करून पाहिलं आहे. खिडकीशी उणे 84. चार पावलं आत, कपाटाशेजारी उणे 97. दार लोटून आतल्या खोलीत गेलो तर उणे 112, आणि तिथेच माझं लिहायचं टेबल. वर्षभर मी फोनला दोष देत होतो. टेबल खिडकीकडे सरकवलं आणि वाय-फाय कॉलिंग चालू केलं, फोन तोच राहिला. भिंतींचा हा खेळ वारंवारतेवर अवलंबून असतो. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्या शिरतात, 3500 च्या लवकर थकतात. म्हणून 3500 वरचं, रस्त्यावर भन्नाट धावणारं 5जी आतल्या खोलीत गायब होतं.

आवाजाबद्दलही एक सांगतो. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. "स" मधला सूं आवाज बहुतांश त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर "स" आणि "फ" ओळखताना अडखळायला होतं. व्होल्टीईवर, म्हणजे 4जीवरून जाणाऱ्या कॉलमध्ये, हा पट्टा 7000 हर्ट्झपर्यंत जातो. दोन्ही टोकांना ती सोय चालू असेल तर माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. सेटिंगमध्ये ते बंद पडलेलं नाही ना, एवढं बघ.

एसएमएसचं तू विचारलंस म्हणून: एका संदेशात 140 बाइट मावतात. रोमन लिपीत 160 अक्षरं, पण देवनागरी युनिकोडने जाते, म्हणून 70. शिवाय मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. "स्त्री" हे आपल्याला एक अक्षर वाटतं, संदेशात ते सहा चिन्हं खातं. तुझे छोटे संदेश दोन-तीन मोजले जातात ते यामुळे. तो हिशेब बरोबर आहे.

शेवटची ओळ मात्र मी लाल शाईने घालतो: "नंबर हरवला तर?" एकदा फोन बदलताना मी जुना फोन आधी पुसला आणि ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच बसवलेलं सिम) नव्यात घ्यायचं राहून गेलं. कंपनी म्हणाली, ओळख पटवायला ओटीपी पाठवतो, आणि तो ओटीपी त्याच बंद नंबरवर. ईमेल उघडायची दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डनंतरचा कोड, त्याच नंबरवर, इतर सगळी खाती त्या ईमेलवर. दोन दिवस मी माझ्याच दारांबाहेर उभा होतो. त्यानंतर महत्त्वाच्या खात्यांचे कोड मी ऑथेंटिकेटर ॲपमध्ये (जे नंबराशिवाय फोनमध्येच कोड बनवतं) घेतले आणि खातं परत मिळवायचे कोड कागदावर उतरवून ठेवले. चोराने तुझ्या नावावर दुसरं सिम काढलं तरी हीच तटबंदी कामी येते. सिमला पिनही लाव, म्हणजे चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तुझे ओटीपी वाचता येणार नाहीत. पिन तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कोड, लागतो आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद होतं, म्हणून पीयूके आधीच लिहून ठेव.

तेव्हा या आठवड्यात खरेदी करू नकोस. आत्ताचाच फोन हातात घे आणि पलंग, टेबल, स्वयंपाकघर, जिना अशा चार जागी डीबीएम नोंद. सकाळी एकदा, रात्री एकदा. जमलं तर वेगळ्या कंपनीचं सिम असलेला मित्राचा फोन शेजारी धरून त्याचेही आकडे घे. तक्त्यात नवे रकाने करून मला पाठव. पलंगाजवळ मित्राचा आकडा तुझ्यापेक्षा 15 ने बरा निघाला, तर फोन तोच ठेवून आधी कंपनी बदलू.