एनएसएसच्या शिबिरांचा आसपासच्या गावांना खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठं समाजासाठी म्हणून जे उपक्रम चालवतात त्यातून गावाच्या पदरात काही पडतं, की सगळं वाढीव गुणांसाठी आणि प्रमाणपत्रासाठीच असतं. आणि आपण एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव द्यावं का.

मी दुष्काळी पट्ट्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. सहा वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. गावाच्या पदरात पडतं, पण आपण गावाच्या वेळेला गेलो तर. हे मला पहिल्याच शिबिरात कळलं.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि त्याशिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी, हे तुम्ही ऐकलंच असेल.

आमचं पहिलं शिबिर डिसेंबरच्या अखेरीस होतं, कारण कॉलेजला सवड तेव्हाच. वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यात मातीच्या पोत्यांचा तात्पुरता बांध, घालायचा ठरला. बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती गोळा केली, माती भरली, दोन दिवस मुलं राबली. ओढ्यात मात्र पाणीच उरलं नव्हतं. एक म्हातारे शेतकरी काठावर बसून बघत होते. म्हणाले, "सर, पोरं चांगली हायती. पर दिवाळीच्या आदी याया पायजे हुतं." आम्ही कोरड्या ओढ्यात बंधारा पुरा केला, फोटो काढले, अहवाल लिहिला. तो अहवाल माझ्या सहीचा आहे आणि तो आठवला की आजही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असतानाच दोन रविवार गेलो. तीसेक मुलं होती. पोती तोंडापर्यंत भरायची नाहीत, थोडी रिकामी ठेवायची म्हणजे एकमेकांवर नीट बसतात. दाभणानं तोंड शिवायचं. विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे आणि फटींत चिकणमाती दाबायची. हे सगळं आम्हाला त्याच आजोबांनी शिकवलं. पाणी अडलं. काठच्या दोन-तीन वावरांतल्या हरभऱ्याला आणखी एक पाणी मिळालं, जनावरांची सोय झाली. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्यानं घालावा लागतो. दरवर्षी जावं लागतं, हेच मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

दुसरं काम कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. शिबिराआधी मुलींनी घरोघर जाऊन पाहणी केली. विचारायचं होतं शौचालयाबद्दल, पण बायका बोलू लागल्या संजय गांधी निराधार योजनेबद्दल. कुणाकडे उत्पन्नाचा दाखला नव्हता, कुणाच्या वयाचा पुरावा नव्हता, कुणाच्या आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नव्हतं. आमच्या मुलींनी अर्ज भरून दिले आणि शिबिर संपल्यावरही शनिवारी त्या बायकांबरोबर कचेरीत जात राहिल्या. अकरा जणींचं काम झालं. त्याचा फोटो कसला काढणार? पण सहा वर्षांतलं सर्वांत उपयोगी काम कोणतं म्हणाल, तर मी हेच सांगेन.

विद्यापीठ चिकाटीनं टिकून राहिलं तर काय उभं राहतं, हे पाहायचं तर मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे पाहा. १९८४ मध्ये त्यांनी मुंबई पोलिसांबरोबर, पोलीस आयुक्तालयातच, हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत समाजकार्य शिकलेली बाई बसलेली असणं, ही त्या काळी केवढी गोष्ट! पुढे राज्य सरकारनं तो कक्ष महाराष्ट्रभर नेला. १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा क्रमांकही १९९६ मध्ये याच संस्थेतल्या प्रयोगातून सुरू झाला आणि मग देशभर गेला. मुंबईच्या रस्त्यांवर, स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांशी बोलत बसण्यातून हे उगवलं. शिबिर सात दिवसांत संपतं, पण हे लोक तिथून हललेच नाहीत.

गुण मिळतात म्हणून नाव देणाऱ्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या त्या कचेरीत जाणाऱ्या मुलींपैकी निम्म्या तरी गुणांसाठीच आल्या होत्या.

तेव्हा नाव देण्याआधी तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना एवढं विचारा: दत्तक गाव किती वर्षांपासून तेच आहे, आणि शिबिर नसताना तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होता? ते बोलताना गावातल्या माणसांची नावं घेऊ लागले, तर बिनदिक्कत फॉर्म भरा.